खलनायकाची बाजू

आई गेल्यानंतर दर रविवारी दुपारी तीन वाजता मी धुळ्यात आणि माझी धाकटी बहीण जळगावात, एकच ॲनिमे मालिका एकाच वेळी सुरू करायचो. फोन स्पीकरवर. मी सरकारी कचेरीत कारकून, तिथल्याच देवपूर भागात एका खोलीत एकटा. आठवड्यात घरचा म्हणावा असा आवाज कानावर पडायचा तो तेवढाच.

बहीण शाळेत चित्रकला शिकवायची. तिला खलनायक सहजासहजी पसंत पडत नसे. "डोळे लाल केले, दात विचकवले, की झाला का वाईट माणूस?" ती म्हणायची. "सकाळी उठल्यावर याच्या मनात काय येतं, ते कुठं दाखवलंय?"

गेल्या हिवाळ्यात आम्ही एक नवी मालिका धरली. डोंगरातलं गाव आणि खिंडीवरचा म्हातारा पहारेकरी. बाहेर गेलेली माणसं परत येत नाहीत म्हणून तो खिंडच दगडांनी बुजवून टाकतो. मग घरोघर सरपण पोचवतो, आजाऱ्यांपाशी बसतो.

"हा खरा उतरलाय," बहीण म्हणाली.

"पण हा खलनायक कसा? त्याचं काय चुकलं? गावाच्या भल्यासाठीच केलं ना?"

ती हसली. "भाऊ, म्हणूनच तर! आपण वाईट केलं असं त्याला वाटतच नाही. आणि बघ, तुलाही पटला तो."

मी काहीतरी बोलून फोन ठेवला.

आठ वर्षांपूर्वी पुण्याच्या एका ॲनिमेशन स्टुडिओतून तिला नोकरीसाठी फोन आला होता. घरात तेव्हा एकच मोबाइल, तो मी उचलला. आईचं डायलिसिस सुरू होतं. "पोर दूर गई ते मनाकडे कोन देखी?" पोरगी लांब गेली तर माझ्याकडे कोण बघणार, हे आईचं रोजचं. मी तिकडच्या बाईंना सांगितलं, ती येणार नाही, तिचा विचार बदललाय. बहिणीला काही बोललो नाही. ती महिनाभर वाट पाहत राहिली, मग शाळेत लागली. मी मात्र घर सांभाळलं म्हणून स्वतःवर खूश होतो.

पुढच्या रविवारी मालिका न लावता मी एसटीनं जळगावला गेलो. ती वह्या तपासत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं.

ती रडली नाही, ओरडली नाही. हातातलं पेन खाली ठेवून विचारलं, "मी कुठं होते तेव्हा?"

"आईला घेऊन दवाखान्यात गेली होतीस."

तिनं मान हलवली आणि पुढची वही ओढली. मी म्हणालो, "मला वाटलं होतं की आईसाठी..."

"माहीत शे माले," ती म्हणाली. एरवी ती माझ्याशी आईची अहिराणी बोलत नसे. "जा आता. पाचची गाडी मिळेल तुला."

त्यानंतर तिनं फोन उचलला नाही. मी दोन रविवार मालिका एकट्यानं लावून पाहिली, पण संवाद ध्यानात राहीनात.

जूनमध्ये न कळवताच जळगावला तिच्या घरी गेलो, तर दाराला कुलूप. शेजारच्या काकूंनी किल्ली आणून दिली. "पुण्याला गेली ना ती, चित्रांचंच काही शिकायला. चौतिसाव्या वर्षी! तुम्हाला सांगितलं नाही?"

"सांगितलं होतं," मी म्हणालो.

आत जाऊन खिडक्या उघडल्या. तिनं सगळं नीट झाकून ठेवलं होतं. संध्याकाळपर्यंत बसलो आणि धुळ्याला परतलो.