रांगेतल्या घागरी

निलंग्यात हातपंप दुरुस्त करणारा एक मिस्त्री आहे. पाणी नेहमी अर्धा ग्लासच मागतो, आणि दुसऱ्यानं ग्लासात घोटभर पाणी ठेवलं तर त्याच्यावर डाफरतो. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हाचा दुष्काळ त्यानं भोगलाय. त्या दुष्काळावरच्या, ‘सत्य घटनेवर आधारित’ म्हणवणाऱ्या सिनेमाला परवा मीच त्याला नेलं. पडद्यावर टँकर आला, बाया एकमेकींच्या झिंज्या उपटू लागल्या आणि मुंबईहून आलेल्या साहेबानं त्यांना रांग लावायला शिकवलं. मिस्त्री ताडकन उठून बाहेर पडला. मीही मागोमाग गेलो.

चहाच्या टपरीवर त्याचा आवाज चढला. “समदं खोटं हाय, गुरुजी! आमच्या बाया आदल्या सांजेलाच रिकाम्या घागरी रांगेत ठिवून घरी जायच्या. सकाळपर्यंत कुणाची घागर कुणी बोटभर सरकवली न्हाई. आन् ह्यो आम्हाला रांग शिकवाय लागलाय!”

“मग तुमच्याकडं खरा साहेब कोण आला होता?” मी विचारलं.

त्यानं पाण्याचा अर्धा ग्लास शेवटच्या थेंबापर्यंत संपवला.

“कुणीच आलं न्हाई. सत्य घटना तीच व्हती.”