माझा साचा बघ

डोंगरात एकटाच का जातोस, असं ऑफिसात कोणी विचारलं की मी सांगायचो, शांतता मिळते, देवाच्या जवळ गेल्यासारखं वाटतं. यातलं काहीच खरं नव्हतं. मी जायचो कारण तिथे कोणी काही मागत नाही. पाठीवर तंबू आणि शिधा घेऊन वर चढत गेलं की माणसं कमी कमी होत जातात, आणि शेवटी अशी एक जागा येते की 'जरा इकडे ये रे' म्हणणारं कोणी उरत नाही. त्या जागेसाठी मी रजा साठवायचो. आणि देवाचं म्हणाल, तर वडील गेल्यापासून मी देवापुढे हात जोडले नव्हते. रागाने नव्हे, लाजेने. ती लाज कसली, हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. पण जो अनुभव लिहायला बसलो आहे तो ती वगळून लिहिता येत नाही, म्हणून आधी तेच सांगतो.

आम्ही करी रोडच्या चाळीतले, मूळचे मालवणकडचे. बाबा गिरणीत साळखात्यात, म्हणजे जिथे कापड विणतात तिथे, कामाला होते. मागाला तिथे साचा म्हणत. एका छताखाली इतके साचे धडधडायचे की कानात ओरडलं तरी ऐकू जात नसे, म्हणून विणकर हातांनी बोलत. जॉबर, म्हणजे मुकादम, येतोय, धागा तुटला, चहाला चल, प्रत्येक गोष्टीला खूण होती. मी डबा घेऊन जायचो तेव्हा दरवान ओळखीचा असल्यामुळे आत सोडायचा, आणि मला ते सगळं नाटकासारखं वाटायचं. त्यातली एक खूण बाबांची फार आवडीची. विणकराला जरा बाहेर जायचं असलं की तो शेजारच्याकडे बघून छातीवर पंजा ठेवायचा, मग आपल्या साच्याकडे बोट करायचा, मग तेच बोट डोळ्याखाली टेकवायचा. माझा साचा बघ. शेजारचा स्वतःच्या डोक्यावर हात ठेवायचा. म्हणजे, आता ते माझ्या डोक्यावर, तू जा. हे उत्तर मिळाल्याशिवाय कोणी जागचा हलत नसे. उत्तर न घेता साचा सोडून जाणं ही साळखात्यात मोठी बेअदबी होती, आणि विचारल्यावर उत्तर न देणं त्याहून मोठी.

वर्षानुवर्षं त्या आवाजात राहून बाबांचे कान गेले होते, त्यामुळे घरातही खुणाच चालत. देवाशीसुद्धा. आमच्या गावच्या रवळनाथाची एक तसबीर दाराशेजारी होती. पाळीवर निघताना बाबा तिच्यासमोर उभे राहत, छातीवर पंजा, मग बोट खोलीकडे, आम्हा सगळ्यांकडे, मग डोळ्याखाली. हीच त्यांची प्रार्थना. दुसरी मी कधी ऐकली नाही. संप सुरू झाला, गिरणीचा भोंगा बंद पडला, तरी सकाळच्या सभेला निघताना ते तसंच करायचे. आई चिडवायची, "साचे बंद आसत, मगे देवान काय बघूचा?" बाबांना ओठांवरून कळायचं. हसून म्हणायचे, "बंद साच्यारच ज्यास्त लक्ष ठेवूक व्हया."

संपाच्या दुसऱ्या वर्षी बाबांची छाती पार बसली. परळच्या एका इस्पितळात नेलं. नाकातोंडात नळ्या, बोलणं बंद. मला तेव्हा नुकतीच बँकेत नोकरी लागली होती, लग्न ठरत होतं, आणि डोंबिवलीला एक जागा बघून ठेवली होती. चाळीतल्या त्या एका खोलीतून मी मनाने केव्हाच बाहेर पडलो होतो. त्या दुपारी आई उशाशी बसली होती. माझा धाकटा भाऊ वसंत पायथ्याशी, डब्याची पिशवी छातीशी धरून उभा. शाळा सुटली होती त्याची, दिवसभर लालबागच्या नाक्यावर असायचा. बाबांनी माझ्याकडे बघितलं. छातीवर पंजा ठेवला. बोट वसंतकडे केलं. मग डोळ्याखाली.

मला कळलं. न कळल्याचा आव मी आयुष्यभर आणला, पण मला त्याच क्षणी कळलं. हात उचलून डोक्यावर ठेवायचा, एवढंच काम होतं. माझ्या मनात आलं, हा हात एकदा वर गेला की त्या खोलीतून सुटका नाही. मी सलाईनच्या बाटलीकडे बघत राहिलो. मग "चहा घेऊन येतो" असं कोणाकडेही न बघता म्हणून खाली गेलो. वर आलो तेव्हा बाबा गेले होते.

लग्न करून मी डोंबिवलीला गेलो. वसंत कॉटन ग्रीनच्या गोदामांत माल वाहायला लागला, मग प्यायला लागला. गणपतीत मी पेढ्यांचा पुडा घेऊन जायचो, तेव्हा तो दारातूनच ओरडायचा, "या या, डोंबिवलीकर! आई, पाहुणे आले, तो न फुटलेला कप काढ!" सगळे हसायचे, मीही हसायचो. एकदा मात्र तो जिन्यापर्यंत सोडायला आला. डोळे पिवळे झाले होते. म्हणाला, "दादा, दोन दिवस राहतोस काय रे? बरं वाटत नाय." माझी डोंगराची पिशवी भरून तयार होती. मी म्हटलं, "पुढच्या आठवड्यात येतो, नक्की." तो म्हणाला, "जा रे, डोंगर पळून जाईल तुझा." पुढचा आठवडा आला तेव्हा मी गेलो, पण खांदा द्यायला.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात, जून संपता संपता, मी महिन्याची रजा काढून हिमालयात गेलो, चंब्याच्या वरच्या अंगाला. इतक्या उंचीवर, इतके दिवस, एकटा, असा मी पूर्वी कधी गेलो नव्हतो. तिथे डोंगरांच्या कुशीत एकामागून एक तळी आहेत. कुठलं काळं, कुठलं हिरवं, एखादं अजून अर्धं गोठलेलं. एका तळ्यावरून खिंड चढायची, पलीकडे उतरलं की दुसरं तळं. काठावर कुणीकुणी रोवलेले त्रिशूळ, त्यांना बांधलेल्या लाल चिंध्या, गंजलेल्या घंटा. मी त्यांना वळसा घालून जायचो. श्वास पुरत नसे, रात्री तंबूत पाणी गोठायचं, आणि मला ते बरं वाटायचं. परत जायचंच आहे असंही मनात पक्कं नव्हतं. याहून अधिक त्याबद्दल लिहवत नाही.

शेवटची खिंड सगळ्यात उंच. तिच्या पायथ्याच्या तळ्यातून एक ओढा निघतो, त्याच्या काठाने मी सकाळी चढत होतो. आभाळ निळंशार. पाणी दगडांवरून अशा आवाजाने कोसळत होतं की स्वतःची पावलंही ऐकू येत नव्हती. वळण घेतलं तर समोर मेंढ्यांचा कळप, माझ्याच काठावर. गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टा घातलेला एक काळा कुत्रा माझ्यावर धावून आला आणि अर्ध्यात थांबला. मेंढपाळ दिसेना. मग तो ओढ्यापलीकडे दिसला. पांढरा लोकरी अंगरखा, कमरेला काळ्या लोकरीच्या दोरीचे वेढे, म्हातारा म्हणावा असा माणूस. त्याच्यामागे उरलेला अर्धा कळप. काय झालं असेल ते ओढ्याकडे बघून समजलं. पाण्यावर हिवाळ्यातल्या बर्फाची कमान होती, तिच्यावरून जनावरं उतरत असताना ती मधोमध कोसळली होती. आता त्याला खाली दरीतल्या लाकडी पुलावरून फिरून यायला हवं, म्हणजे संध्याकाळ होणार. तोवर या काठावरच्या मेंढ्या बेवारशी.

तो काहीतरी ओरडला. पाण्याच्या आवाजात एक अक्षर आलं नाही. तेव्हा त्याने छातीवर पंजा ठेवला. मेंढ्यांकडे बोट केलं. मग तेच बोट डोळ्याखाली टेकवलं.

मी हे वाढवून सांगत नाही. आवाजाच्या पलीकडे असलेला कोणताही माणूस कदाचित अशीच खूण करेल, दुसरी कोणती करणार? पण मला ती कळली, इस्पितळात त्या दुपारी कळली होती तशीच. आणि मग मी काय केलं तेही सांगतो. मी खाली वाकलो आणि बुटाची नाडी बांधायला लागलो. नाडी बांधलेलीच होती. खिंड वर मोकळी दिसत होती, ऊन होतं, दुपारपर्यंत मी पलीकडे गेलो असतो आणि तो माणूस मला जन्मात पुन्हा दिसला नसता. पुष्कळ वेळाने मान वर केली. तो तिथेच उभा होता. ना हातवारे, ना राग. उत्तर मिळाल्याशिवाय जागचं हलायचं नाही, इतकंच. बाबा असेच उभे राहायचे, तसबिरीसमोर.

माझा हात डोक्यावर गेला. मी नेला असं म्हणवत नाही.

त्याने मान हलवली आणि उरलेली जनावरं वळवून तो खाली निघाला, मागे वळूनसुद्धा न बघता. मी एका मोठ्या दगडाशी पाठ टेकून बसलो. मेंढ्या राखणं म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं; मी 'हुर्र, हुर्र' करत एकीच्या मागे धावलो की उरलेल्या दुसरीकडे पांगायच्या, आणि तो कुत्रा माझ्याकडे बघून, जणू वैतागून, सगळ्यांना परत आणायचा. शेवटी त्याचं काम त्याच्यावर सोडून मी नुसता बसून राहिलो. नुसतं बसणंही मला कधी जमलं नव्हतं. दुपार कलली तसे ढग खालून वर आले. बघता बघता खिंड दिसेनाशी झाली. विजा, गारा, मग बर्फ. सकाळी निघालो असतो तर त्या वेळी मी बरोबर वरच्या कड्यावर असतो. मेंढ्या माझ्याभोवती दाटून उभ्या राहिल्या, त्यांच्या लोकरीच्या उबेत मी डोकं गुडघ्यांत घालून रडलो. वसंतचं नाव घेऊन रडलो. त्याच्यासाठी दोन दिवस बसलो असतो तर ते इतकंच असतं. त्यासाठी मला काही करता यायला हवं होतं असं नव्हतं. नुसतं बसायचं होतं.

संध्याकाळी तो भिजून आला. शेकोटी पेटवली, जाड रोटी आणि मिठाचा चहा दिला. न राहवून मी त्याला हिंदीत विचारलं, माझी ओळख ना पाळख, एवढी जनावरं माझ्यावर कशी सोडून गेलास? तो दात नसलेलं तोंड उघडून खो खो हसला.

"आप पे थोड़े ही छोड़ी थीं, बाबूजी? भोले पे छोड़ी थीं। आप तो वहाँ खड़े मिल गए।"

रात्रभर ते वाक्य माझ्याजवळ होतं. बाबांनीही वसंतला माझ्यावर सोडलं नव्हतं, ज्याच्यावर रोज सोडत त्याच्यावरच सोडलं होतं. मी फक्त तिथे उभा मिळालो होतो. यात माझी सुटका आहे असं क्षणभर वाटलं आणि लगेच कळलं की नाही. उभं राहणं हेच तर काम होतं. सकाळी खिंड पांढरी झाली होती. मी ती चढलो नाही. तळ्याकाठच्या त्रिशुळांपुढे गेलो, छातीवर पंजा ठेवला, आणि बोट कुठे करावं ते कळेना, कारण वसंत कुठे आहे ते मला माहीत नव्हतं. शेवटी बोट पाण्याकडे केलं, त्यात आभाळ दिसत होतं. मग डोळ्याखाली. मी उत्तरासाठी थांबलो नाही. पहिल्यांदाच वाटलं की ते केव्हाच दिलेलं असावं.

मुंबईत उतरलो तो डोंबिवलीला न जाता पाठीवरच्या पिशवीसकट करी रोडला. आई उंबऱ्यात सुकट निवडत बसली होती. "खंय गेल्लस रे झिला? अगदी भूत दिसतंस," म्हणाली. मी तिच्यासमोर बसलो आणि इस्पितळातली ती दुपार सांगितली. बाबांनी काय खूण केली, मी कुठे बघितलं, चहाला का गेलो. तिचा हात सुकटीत थांबला नाही. सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "माका म्हायत आसा. तू खाली गेलंस मां, तेवा मिया ठेवलंय हात डोक्यार. तेंका दिसलो. मगेच डोळे मिटल्यानी."

म्हणजे बाबा वाट बघत गेले नव्हते. आणि इतकी वर्षं वसंतला तिने एकटीने डोक्यावर वागवलं होतं, माझ्या वाटचं. त्याची ओकारी काढली, त्याला नाक्यावरून उचलून आणलं, त्याच्यासाठी जेवण झाकून ठेवलं, आणि मला गणपतीत न फुटलेला कप दिला.

"मग मला कधी बोलली नाहीस?"

"बोलान काय करतलंय? कोणतरी उभा रवाक व्हया होता. मिया होतंय थंय." मग सूप बाजूला सारून म्हणाली, "पिशवी काढ आता पाठीवरची. किती वेळ वागवतलंस?"

मी पिशवी उतरवली. त्या दिवशी मी डोंबिवलीला परत गेलो नाही. पुढे बायकोशी बोलून आईला आमच्याकडे आणायचं बघितलं, ती आली नाही. मग मीच आठवड्यातले निम्मे दिवस तिथे राहायला लागलो, ती असेपर्यंत. डोंगर त्यानंतर सुटले. चाळीच्या जागी आता टॉवर आहे. रवळनाथाची तसबीर माझ्या दाराशेजारी आहे. निघताना मी तिच्यासमोर उभा राहतो आणि बाबा करत तेच करतो. मागायला मला अजून संकोच वाटतो. म्हणून खूण झाली की मी स्वतःच्याही डोक्यावर हात ठेवून बघतो, कोणी माझ्याकडे बघून काही विचारत असेल तर. ज्याने त्या ओढ्यापलीकडून मला पुन्हा एकदा विचारलं, त्याच्यापुढे माझं दुसरं काही म्हणणं नाही. माझ्याकडून एकदा उत्तर आलं नव्हतं, तरी त्याने विचारणं सोडलं नाही.