चिनी सर आणि निरोपाचा पेढा

कुणी काही ठोकून दिलं की सर चष्मा काढून टेबलावर ठेवायचे आणि विचारायचे, "कुणी सांगितलं तुला?" चष्मा टेबलावर आला की समजून जायचं, पुढचा तास गेला.

बहुतेक वेळा त्यांना चिडवणारं वाक्य एकच असे: चीनमध्ये कुठला आलाय देवधर्म? मुरबाडच्या आमच्या कॉलेजात मी मराठी शिकवायचो, ते इतिहास. चिनी लोकांच्या देवांचा अभ्यास करण्यात त्यांची उमर गेली. त्यासाठी चाळिशीत ते चिनी शिकले, तिकडच्या खेड्यांत राहून आले. किन्हवलीकडच्या शेतकऱ्याच्या मुलाला हे खूळ कुठून लागलं, असं तुम्हीही विचाराल. मीही विचारलं होतं.

"आई भाताचं पहिलं शीत चुलीत टाकायची," ते म्हणाले. "म्हटलं, दुसऱ्यांच्या चुलीत कोण बसलंय ते बघून यावं."

गावात ते 'चिनी सर'. कुणाचा मोबाइल बिघडला की तो त्यांच्यापुढे यायचा. "सर, तुमच्याकडचाच हाय, बघा ना." यावर मात्र ते मनापासून हसायचे.

खूप खटपट करून त्यांनी चिनी धर्मपरंपरांचा एक छोटा वर्ग सुरू केला होता. शहापूरकडूनही मुलं येत. आपला गावदेव मोठा की तिकडचा भूमिदेव, यावर ती भांडत आणि सर खूश होऊन ऐकत बसत. मग चीनच्या सीमेवर चकमक झाली, कुणीतरी तक्रार केली आणि संस्थेने वर्ग बंद केला.

आम्ही दोघे अध्यक्षांकडे गेलो.

"सर, शिकवा ना तुमी. आमी कुठं नाय म्हणतो? फक्त चीन सोडून शिकवा."

चिडले की सर गावच्या बोलीवर यायचे. "मग तुमी भात पण लावा, पाण्याबिगर!"

आठवलं की माझं डोकं अजून तापतं. जवान सीमेवर उभे होते आणि हे शूरवीर इथे एका मास्तराचा फळा पुसत होते. निवृत्त होईपर्यंत सर दरवर्षी वर्गाचं विचारत राहिले. दरवर्षी उत्तर एकच, "बघू."

निरोप समारंभात शाल झाली, श्रीफळ झालं, खोटं कौतुकही झालं. अध्यक्ष पेढा घेऊन पुढे आले, तसा सरांनी चष्मा काढला.

"चिनी घरात चुलीपाशी एक देव असतो. वर्षभर सगळं बघतो आणि वर्ष संपताना वर जाऊन सांगतो. म्हणून त्याला पाठवायच्या आधी लोक त्याच्या तोंडाला गोड फासतात, वाईट काही बोलू नये म्हणून. तुमी तेच करताय. मला नको."

अध्यक्षांच्या हातातला पेढा खोक्यात परत ठेवून सर चालू लागले. टाळ्या वाजवायच्या की नाही, कुणाला कळेना. मी वाजवल्या.

मागच्या थंडीत सर गेले. कॉलेजात शोकसभा झाली. अध्यक्ष म्हणाले, "चीनचा येवढा मोठा अभ्यासक आपल्या कॉलेजात होता, याचा आमाला अभिमान हाय." मग त्यांनी सगळ्यांना दोन मिनिटं शांत उभं राहायला सांगितलं.

मी उभा राहिलो. शांत राहणं काही जमलं नाही.

"साहेब, सरांचा वर्ग परत कधी सुरू करताय?" मी मोठ्याने विचारलं.

त्यांनी मिटलेले डोळे उघडलेसुद्धा नाहीत. शांतता पाळायची होती ना. त्यांची सोयच झाली.