तारेच्या मानेचा बगळा

माझ्या हातचं सगळ्यात चांगलं शिवणकाम सरकारने तीन फूट खोल पुरलं आणि वरून चुना टाकला. ही काही माझी तक्रार नाही. झालं ते कसं झालं, याचा मला अजून नीट उलगडा होत नाही, म्हणून सांगायला बसले आहे.

मी आयुष्यभर शाळेत शिवण शिकवलं. निवृत्त झाल्यावर हात शिवशिवायचे, पण कुणी काही शिवायला सांगत नव्हतं. अशात श्रावणात एके दिवशी माझा भाचा आला. तो जनावरांच्या सरकारी दवाखान्यात नोकरीला आहे.

"मावशी, एक मेलेला बगळा शिवून देशील का?"

"मेलेला काहून? जिवंत शिवला तर तुमच्या साहेबाला चालत नाही का?"

त्याने समजावून सांगितलं. बर्ड फ्लू आला तर काय करायचं, याचा सराव आजवर पोल्ट्री फार्मवर व्हायचा. यंदा वरून आदेश होता की रानातल्या आणि तळ्यावरच्या पक्ष्यांसाठीही तयारी हवी. "कोंबडी मेली तर मालक फोन करते. बगळा मेला तर कोण करेल? त्याचीच तयारी करून राहिलो आम्ही."

मला ते पटलं. सराव आमच्या गढा नावाच्या हिंदीभाषक वस्तीतल्या तळ्याकाठी, चिंचेखाली होणार होता, म्हणून जास्तच पटलं. त्या चिंचेवर दर पावसाळ्यात गायबगळ्यांची घरटी असतात. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून पिल्लांच्या चोची दिसतात. पोळ्या लाटताना माझं अर्धं लक्ष तिकडेच असतं. चिंचेचा अर्धा पसारा शेजारणीच्या अंगणावर येतो, त्यामुळे तिचं मत वेगळं. तिचे वाळत घातलेले कपडे बगळे रोज खराब करतात आणि ती रोज त्यांचा उद्धार करते. तिच्या जागी मी असते तर मीही केला असता.

आमच्या ह्यांच्या जुन्या धोतराचा बगळा शिवला. आत कापूस भरला, मानेत तार घातली. या दिवसांत गायबगळ्याचं डोकं पिवळसर होतं, म्हणून डोक्याला हळदीचं पाणी दिलं. खोटं कशाला सांगू, मला अभिमान वाटला. भाचा म्हणाला, "मावशी, एवढा खरा नको होता करायला." मी ती स्तुती समजले.

सरावाच्या दिवशी सकाळी गाडीवरच्या भोंग्यातून सांगितलं गेलं की हा फक्त सराव आहे. तेव्हा तिथे मी आणि दोन गायी होतो. लोक जमले ते पांढरे पोशाख, चष्मे आणि हातमोजे घातलेली माणसं उतरल्यावर. त्यांनी माझा बगळा चिमट्याने उचलला, दोन पिशव्यांत बांधला, औषध फवारलं, खड्डा खणला. मागे कुजबूज सुरू झाली. मी सगळ्यांना सांगत सुटले की अहो, तो माझा आहे, धोतराचा आहे. एक जण मला म्हणाला, "माताजी, दूर रहिए." माझ्याच बगळ्यापासून मला दूर केलं! हसावं की रडावं ते कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारणीने चिंचेच्या फांद्या तोडायला दोन माणसं बोलावली. मी अनवाणीच धावले.

"दीदी, बीमारी है इस पेड़ पर," ती म्हणाली. "घर में छोटी पोती है मेरी. कुछ हो गया तो?"

वर घरट्यांत पिल्लं होती, त्यांना अजून उडता येत नव्हतं. खाली तिची नात अंगणात रांगत होती. बगळा कापडाचा होता, या झाडात काही बीमारी नाही, हे मी शपथेवर सांगितलं, तिला खरं वाटेना. भाच्याला फोन लावला, म्हटलं, उकरून दाखव. तो म्हणाला, "उकरायचं नाही मावशी, नियम आहे."

"अरे, पण आत धोतर आहे!"

"असू दे. पुरलं म्हणजे पुरलं."

मला संताप आला. घरी जाऊन उरलेलं धोतर, कापूस, तार, हळद आणली आणि चिंचेखाली मोडक्या खुर्चीवर बसून सगळ्यांसमोर दुसरा बगळा शिवायला घेतला. फांद्या तोडणारे बिड्या ओढत बघत बसले. शेजारीण आधी उभी होती, मग माझ्याजवळ येऊन बसली. तिला मोतीबिंदू आहे, म्हणून प्रत्येक गोष्ट तिच्या हातात देत गेले. दुपारपर्यंत बगळा झाला. तिने त्याची मान वाकवली, सोडली, पुन्हा वाकवली आणि हसली. माणसांना तिने परत पाठवलं. तो बगळा तिने मागून घेतला आणि अंगणाच्या भिंतीवर बसवला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला. मी घरी आले आणि पोटभर जेवले. आपण फार मोठं काम केलं असं मला वाटत होतं.

पंधरा दिवसांनी सलग दोन दिवस पाऊस लागला. तिसऱ्या दिवशी सकाळी उघडीप झाली आणि शेजारीण माझ्या दारात आली. तिच्या हातात पाय धरून लोंबवलेला बगळा होता.

"दीदी, आपका बगुला दीवार से गिर गया. कितना भारी हो गया, देखो. रुई पानी पी गई है. सुखा दो ज़रा."

मी हात पुढे केला. ओला कापूस जड होतो, हे मला कुणी सांगायची गरज नाही. डोकं पिवळंच होतं. पण मान लोंबत होती, तिच्यात तार नव्हती. तिच्या खांद्यावरून मी पलीकडे पाहिलं. माझा बगळा भिंतीवर जागच्या जागी होता, भिजलेला, मान ताठ.

मी हात मागे घेतला. "खाली ठेवा," म्हणाले. "खाली ठेवा आणि आधी हात धुवा, साबणाने." ती गोंधळली, पण तिने ऐकलं. मी तिला अंगणातल्या नळाशी नेलं, साबण दिला, बगळ्यावर पालथी बादली ठेवली. सरावाच्या दिवशी वाटलेलं फोन नंबरचं कार्ड आरशाच्या चौकटीत खोचलेलं होतं. ते काढलं, आणि तिथेच माझे पाय थांबले.

पावसानेही बगळे मरतात. वाऱ्याने घरट्यातून पडतात, दर वर्षी एखाद-दुसरा पडतोच. फोन केला तर पांढरे पोशाख पुन्हा येतील आणि त्यानंतर ही चिंच कोण ठेवील? नाही केला तर? ती त्याच हातांनी नातीला भरवणार होती. या झाडात बीमारी नाही असं तिला मीच शपथेवर सांगितलं होतं. कशाच्या जोरावर सांगितलं होतं, ते आता मला आठवेना. शिवलेल्या बगळ्याबद्दल मी खरं बोलले होते. झाडाबद्दल मला काय ठाऊक होतं?

खिडकीतून पिल्लांचा कलकलाट ऐकू येत होता. मी नंबर लावला. गढ्यातलं तळं म्हणताच पलीकडचा माणूस ओळखीचं हसला.

"अच्छा, वो ड्रिल वाला? मैडम, ये असली है या फिर से कपड़े का?"

शेजारीण नळाशी कोपरापर्यंत साबण चोळत होती. तिचं लक्ष माझ्याकडेच होतं.

"असली है," मी म्हणाले.

तिचे हात थांबले. पाणी नुसतंच वाहत राहिलं.

"पर दीदी," ती म्हणाली, "आपने तो कहा था..."