माझ्या गालावरचं प्रात्यक्षिक

मॅडमनी माझी हनुवटी दोन बोटांत धरली आणि माझं तोंड दिव्याकडे वळवलं. बाजारात बैलाचे दात बघतात ना, तसं.

"हा बघा, असा चेहरा," त्या जमलेल्या बायकांना म्हणाल्या. "मुरूम, डाग, हनुवटीवर केस, आणि रंग तर तुम्हाला दिसतोच आहे. यावर हे मशीन काय करतं, ते आता दाखवते."

बायका हसल्या. फार नाही. सभ्य घरातल्या होत्या, सभ्य हसल्या.

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. मॅडम त्वचेच्या डॉक्टर, दिल्लीशेजारी गुरुग्राममधल्या काचेच्या इमारतीत त्यांचं स्किन क्लिनिक आहे, तिथं. मी तिथल्या डेस्कवर नोकरीला. दिल्लीतल्या मोठमोठ्या सरकारी अधिकाऱ्यांच्या मराठी बायका काठापदराच्या साड्या नेसून आल्या होत्या. वाण म्हणून प्रत्येकीला सनस्क्रीनची छोटी ट्यूब. सकाळपासून त्या ट्यूबांना रिबिनी मी बांधल्या. तिळगूळ वाट्यांत मी भरला. मग मॅडम कुंकवाचा करंडा घेऊन निघाल्या आणि एकेकीच्या कपाळाला बोट लावत माझ्यापर्यंत आल्या. माझ्या शेजारी आमची नर्स उभी होती, केरळची, ख्रिश्चन. तिला लावलं. "चलो, आज तुम भी मराठी!" म्हणाल्या. सगळ्यांना कौतुक वाटलं. मग बोट माझ्यासमोर आलं. थांबलं. आणि पुढच्या बाईकडे गेलं.

मला त्या कुंकवाची हौस नव्हती. आम्ही बौद्ध. माझ्या आजीनं कुंकू सोडलं, माझी माय लावते, मी लावत नाही. ज्याची त्याची मर्जी. पण नको असेल तर नको मी म्हणायचं ना? मॅडमनी परस्पर ठरवून टाकलं.

आणि लगेच त्याच हातानं माझी हनुवटी धरली. कुंकवाला माझं कपाळ चाललं नाही, मशीनला माझा गाल मात्र बिनदिक्कत चालला!

"बस गं इथे," एवढंच म्हणाल्या. विचारलं काहीच नाही. मी बसले. का बसले? नोकरी होती. दिल्लीत मुनिरकात भाड्याची खोली होती, खोलीत माझी परीक्षेची पुस्तकं होती, आणि नोकरी गेली असती तर दोन्ही गेलं असतं. म्हणून बसले.

खरं तर केस काढायचं ते लेझर होतं, पण मॅडम ते रंग उजळायलाही खपवायच्या. नवीन. "रबर ताणून सोडल्यासारखं वाटेल," असं आम्ही डेस्कवरून पेशंटना सांगायचो. साफ खोटं. चर्रकन चटका बसला आणि केस जळल्याचा वास आला.

"मॅडम, जळतंय."

"थोडं सहन कर गं. सुंदर दिसायचंय ना?"

पुन्हा हसू. पुन्हा चटका. दोन्ही गालांवर, हनुवटीवर, जबड्याच्या कडेला. माझ्या डोळ्यांवर काळा चष्मा होता, त्यामुळे डोळ्यांतलं पाणी कुणाला दिसलं नाही. मी उठल्यावर एका बाईनं माझ्या हातावर तिळगूळ ठेवला. "तिळगूळ घे, गोड बोल." मी तो खाल्ला. त्याचा मला आजही राग येतो.

माझं गाव वाशीम जिल्ह्यात. युपीएससी करायला दिल्लीला आले. पहिल्या खेपेला जमलं नाही. घरून आणखी मागायचं तोंड नव्हतं, म्हणून नोकरी शोधली. मराठी बाईंचं क्लिनिक आहे, मराठी मुलगी हवी आहे, असं कळलं तेव्हा किती आनंद झाला! परक्या गावात आपलं माणूस. मुलाखतीत मॅडमनी आधी गाव विचारलं, मग आडनाव विचारलं. आडनावावरून उलगडा होईना, तेव्हा "म्हणजे तुम्ही...?" असं म्हणून थांबल्या.

"बौद्ध," मी म्हणाले.

"हो का! छान. आम्ही जातबीत अजिबात मानत नाही हं."

मी न विचारताच त्यांनी हे सांगितलं, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

त्या डेस्कवर बसून मी काय काय पाहिलं! केस गळतात म्हणून रडणारे धडधाकट पुरुष. चाई पडलेली, डोक्याला ओढणी बांधून येणारी पोर. बाळंतपणानंतर गालावर वांग उठलेल्या बाया. मी एकदा पेशंटसमोर "वांग" म्हणाले तर मॅडम आत बोलावून म्हणाल्या, "पिगमेंटेशन म्हणायचं. गावठी बोलू नकोस, क्लिनिकचं नाव जातं." बरं. म्हटलं पिगमेंटेशन. पण सगळ्यांत जास्त यायच्या त्या ज्यांना काहीच झालेलं नसायचं. फक्त सावळ्या असायच्या. त्यांना कुणी "तुम्हाला काही झालेलं नाही, घरी जा" म्हणायचं नाही. त्यांना आत घ्यायचे, दिव्याखाली बसवायचे, आणि पील, ग्लो, लेझर असं एकेक गळ्यात मारायचे. त्या बाहेर यायच्या तेव्हा आजारी होऊनच यायच्या.

हळदीकुंकवाच्या दुसऱ्या दिवशी माझे गाल सुजले. मग खपल्या धरल्या. खपल्या पडल्यावर खाली काळे चट्टे. मूळ रंगापेक्षा काळे, मशीनच्या तोंडाच्या आकाराचे, चौकोनी. पोळपाटाएवढ्या आरशात मी ते मोजून बघायची नाही, हात फिरवायची नाही. पण मुनिरकाच्या गल्लीत दूधवाल्यानंही विचारलं, "क्या हुआ मैडम, गिर गए क्या?"

मॅडमना दाखवलं. त्यांनी लांबूनच पाहिलं.

"तुमची स्किनच तशी असते गं. जाड. उन्हातली. तुमच्या लोकांना लवकर डाग पडतात."

तुमच्या लोकांना! जातबीत न मानणाऱ्या बाईला माझ्या कातडीतली जात बरोबर सापडली.

वर म्हणाल्या, "डेस्कवर बसताना कन्सीलर लावत जा. पेशंट घाबरतात." स्वतःच्या ड्रॉवरमधली ट्यूब काढून दिली. माझ्या रंगाची नव्हती. गोरी होती. रोज सकाळी मेट्रोत बसण्याआधी मी ते चट्ट्यांवर थापायची आणि माझ्या तोंडावर फिके ठिपके घेऊन गुरुग्रामला जायची. रोज. ज्यांनी भाजलं त्यांची अब्रू झाकायला मी माझं तोंड लिंपत होते.

मायला फोनवर सांगितलं. आधी लपवलं होतं, मग राहवेना.

"माय, गाल पोळले."

"कशानं? चुलीपाशी बसली होती का?"

"नाही. क्लिनिकमध्ये. मॅडमनं मशीन लावलं, लोकांना दाखवायला."

माय म्हणाली, "मंग तू काय बोलली?"

"काही नाही."

"काऊन?"

नोकरी, खोली, परीक्षा, सगळी उत्तरं तोंडात होती, पण मायपुढे ती निघेनात. शेतावर मजुरी करताना मुकादमानं हात धरला तेव्हा विळा उगारलेली बाई ती. तिला काय सांगू, की मॅडम गोड मराठी बोलतात म्हणून?

मग मी सुट्टी टाकून सरकारी दवाखान्यात गेले. ही मोठी रांग. त्वचेच्या विभागात एक तरुण डॉक्टरीण होती, थकलेली, केस विस्कटलेले. तिनं आधी हात सॅनिटायझरनं पुसले, आणि मग विचारलं, "छू लूँ?"

एवढ्यानं मला हुंदका आला. अक्षरशः. माझ्या तोंडाला हात लावायच्या आधी परवानगी मागायची असते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

तिनं नीट पाहिलं. "ये लेज़र का बर्न है. साँवली स्किन पर सेटिंग हल्की रखनी पड़ती है. पहले छोटी-सी जगह पर टेस्ट नहीं किया?"

"नहीं."

"आपसे पूछा था?"

"नहीं."

तिची मान हलली. मुरमांसाठी रात्री लावायचं मलम दिलं, दिवसा सनस्क्रीन, आणि दोन-तीन महिने धीर. हनुवटीवरच्या केसांसाठी म्हणाली, आधी रक्त तपासू, हार्मोनचा त्रास असू शकतो. चट्टे हळूहळू फिके होतील, पण जबड्याच्या कडेचा एक खोल गेलाय, तो बहुतेक राहणार. मी विचारलं, "और रंग के लिए?"

"रंग को क्या हुआ है?" ती म्हणाली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

मी बाहेर बाकावर बसले. रडेन असं वाटलं होतं. रडले नाही. डोकं भडकलं होतं. माझ्यावरही भडकलं होतं. इतकी शिकलेली, राज्यघटनेची कलमं तोंडपाठ असलेली मी, आणि कुणीतरी "बस गं" म्हटलं की खुर्चीत बसते?

चैत्र आला. चैत्रगौरीचं हळदीकुंकू. पुन्हा त्याच बायका, पुन्हा रिबिनी, या वेळी आंब्याची डाळ आणि पन्हं. बाहेर दिल्लीकडचं ऊन भाजून काढत होतं, आत एसी. मॅडमनी सगळ्यांच्या कपाळाला कुंकू लावलं, मला वगळलं, आणि म्हणाल्या, "आज आपल्याकडे लगीनघर आहे बरं का!"

एका जॉइंट सेक्रेटरीच्या बायकोनं आपली मुलगी आणली होती. लग्न ठरलेलं. दिल्लीत वाढलेली, मराठी समजणारी आणि हिंदी बोलणारी. पोरगी सावळी होती, छान होती, आणि घाबरलेली होती. आई म्हणत होती, लग्नाआधी चेहरा उजळ करून द्या. मुलगी मशीनकडे बघून विचारत होती, "आंटी, जलेगा तो नहीं?"

"अजिबात नाही गं! थांब, तुला दाखवतेच." मॅडम माझ्याकडे वळल्या. "ये गं. बस इथे."

"नाही," मी म्हणाले.

त्यांना वाटलं मी ऐकलं नाही. "अगं, बस म्हटलं ना."

"नाही बसणार."

टेबलावर मेकअप काढायचे ओले रुमाल होते. एक उचलला आणि तोंड पुसलं. गाल, हनुवटी, जबडा. घासून घासून पुसलं. मॅडमची गोरी ट्यूब त्या रुमालावर आली आणि चौकोन उघडे पडले.

"संक्रांतीला या खुर्चीत मला याच मशीननं भाजलं," मी म्हणाले. "तुम्ही सगळ्या समोर होतात. हसल्या होतात."

मग एक बाई पुटपुटली, "सणाच्या दिवशी हे काय अभद्र!" अभद्र माझं बोलणं. भाजणं नाही.

मॅडम हसायचा प्रयत्न करत होत्या. "हिची स्किनच वेगळी आहे हो."

"तेच ना," मुलीची आई चटकन म्हणाली. "हिची वेगळी, आपली वेगळी. डॉक्टर, तुम्ही सुरू करा."

मुलीनं आपला हात माझ्या हाताशेजारी धरला. बघितलं. "मम्मी," ती म्हणाली, "मैं तो इससे भी डार्क हूँ."

आईनं तिचा हात खाली ओढला. पण पोरगी आपल्या खुर्चीतून उठली. पर्स उचलली आणि दाराबाहेर गेली. आई "अगं, ऐक तरी" करत मागे धावली.

तेव्हा मॅडमची गोड मराठी संपली. माझ्याशी कधी हिंदी न बोललेली बाई हिंदीत ओरडली, "निकलो यहाँ से! तुम लोगों को जितना दो, सिर पर चढ़ते हो!"

"निघतेय," मी मराठीत म्हणाले. "पण गप्प बसायला नाही."

नोकरी गेली. मुनिरकाची खोली सोडून मी एका मैत्रिणीच्या खोलीत गादी टाकली. परीक्षा त्या खेपेलाही निसटली. गोड शेवट शोधत असाल तर इथे नाही. मी मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरणीनं जे पाहिलं ते लिहून दिलं, बाकी मी लिहिलं.

मग फोन सुरू झाले. करोल बागेतले एक काका आहेत, दिल्लीतल्या मराठी लोकांच्या कार्यक्रमांत पुढे-पुढे असतात. म्हणाले, "अगं, परमुलखात आपणच आपल्या माणसाच्या पायात पाय घालायचा का?"

"काका, मला भाजलं तेव्हा मी कुणाची माणूस होते?"

ते खाकरले. "मॅडमचं म्हणणं आहे, तुझे डाग फुकट काढून देतील. चांगलं मशीन आणलंय. तू फक्त तक्रार मागे घे. कुणाला कळणारही नाही."

म्हणजे पुन्हा तीच बाई, तोच हात, तेच माझं तोंड. आणि पुन्हा मी गप्प!

"त्यांना सांगा," मी म्हणाले, "माझ्या तोंडाला आता त्यांचा हात लागणार नाही. आणि तक्रार मागे येणार नाही."

काकांनी फोन ठेवला. अजूनही कुणी ना कुणी फोन करतं. कुणी समजावतं, कुणी करिअरची भीती घालतं. घाला. सुनावणी लांबवा, वकील आणा, माझ्या कातडीची जाडी मोजा. मी येणार. पावडर, कन्सीलर, काही न लावता येणार. मॅडम समोर बसलेल्या असतील, तिथं दिवा लावा म्हणून मी स्वतः सांगणार, आणि एकेका डागावर बोट ठेवून विचारणार, हा कुणी केला? उत्तर मिळेपर्यंत मी तिथून उठणार नाही.