मेमरीचा बांध

प्रोसेसरच्या मेमरीतल्या चार घरांसाठी कोर्टाची पायरी चढेल असा माणूस आख्ख्या हिंजवडीत एकच, तो म्हणजे आमच्या ऑफिसातले काका. जवळच्याच गावातल्या शेतकरी घरातले. बाकीचे लोक मेमरीचा नकाशा स्क्रीनवर बघतात; काका तो जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने आखत, प्रत्येक पट्ट्याचा पहिला आणि शेवटचा पत्ता लिहीत आणि खाली आमच्या सह्या घेत. वर तंबी: "इथनं इथवर तुझं. पल्याड पाय टाकायचा न्हाई." एकाने हसून "काका, सातबारा पण द्या की," म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या टेबलावर सातबारा हजर! पिकाच्या रकान्यात 'तापमानाचे आकडे'.

तेव्हा आम्ही कमी वजनाच्या बाळांना ठेवतात त्या काचेच्या पेटीचं तापमान सांभाळणारं यंत्र करत होतो. माल त्याच आठवड्यात पाठवायचा होता, आणि चाचणीतली पेटी तास-दोन तासांनी भलतेच आकडे दाखवायला लागली. सगळे सेन्सरला शिव्या घालत होते. काका म्हणाले, "सेन्सर गरीब हाय. कुणीतरी बांध कोरलाय."

त्यांनी मेमरीच्या प्रत्येक मोकळ्या घरात एकच खूण भरली, पेटी चालू केली आणि शांतपणे डबा खाऊन आले. मग खुणा कुठवर पुसल्या गेल्यात ते एकेक पत्ता वाचत तपासलं. प्रोग्रॅमची तात्पुरती टिपणं मेमरीत वरून खाली भरत येतात. ती हद्द ओलांडून थेट तापमानाच्या आकड्यांवर चढली होती. प्रोग्रॅमच्या एका तुकड्याने, म्हणजे एका फंक्शनने, त्या टिपणांतच भलामोठा तक्ता मांडला होता म्हणून. ते फंक्शन माझं होतं.

तेवढ्यात साहेब आले. "कोणी केलं हे?"

"बांध सरकला हुता, बसवतोय," काका मान वर न करता म्हणाले. "दोन दिवस चालवून बघू, मग गाडी भरा." साहेब गेल्यावर माझ्याकडे वळले. "तक्ता दुसरीकडं हलव. आन् तोंड धू जा, रडल्यागत दिसतंय."

दोन दिवस आकडा जागचा हलला नाही. तिसऱ्या दिवशी मी पोटभर जेवले.

गेल्या वर्षी काका निवृत्त झाले. शेवटच्या संध्याकाळी मला बसपर्यंत सोडायला आले आणि पार्किंगमध्ये मध्येच थबकले. "हितं आमची विहीर हुती."

"नेमकी इथेच?"

त्यांनी कुंपणापासून पावलं मोजली आणि एका पांढऱ्या मोटारीपाशी थांबले. "हां. हितंच," म्हणाले. बस येईपर्यंत आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो.