गोरेगावच्या गंगाबाईंचा फोटो

मान हलली तेव्हाच मला कळलं, पहिली प्लेट वाया गेली. पेटीत आता एकच उरली होती. लढाईचे दिवस. हिंगोलीत माझा स्टुडिओ होता, पण विलायती प्लेटा मुश्किलीनं मिळायच्या.

प्लेट म्हणजे मसाला लावलेली काच. लेन्सची टोपी काढायची, मनात चार मोजायचे, टोपी लावायची. तेवढ्यात माणूस हलला, की फोटोत त्याला दोन नाकं. गोरेगावच्या गंगाबाईंची मान म्हातारपणानं सारखी डुगडुगायची. उन्हात बसवलं असतं तर चारऐवजी एक मोजूनच भागलं असतं. पण उन्हात त्यांच्या डोळ्यांना धार लागायची.

त्यांचे चिरंजीव माधवराव, गावातले मोठे जमीनदार. त्यांनी आईला नक्षीच्या खुर्चीत बसवलं होतं, मागं गालिचा टांगला होता.

"करीमभाई, मागून मान धरू का?" माधवरावांनी मला विचारलं.

"नको. चेहरा घाबरल्यावानी येईल."

"मग राहू द्या," गंगाबाई म्हणाल्या. "माझ्या मायचं तोंड मला याद न्हाई. नातवंडांला माझं तरी दिसावं, एवढंच वाटलं व्हतं."

त्या उठल्या, ओसरीच्या खांबाला टेकून खाली बसल्या आणि सुपातल्या डाळीतले खडे वेचू लागल्या. मी कॅमेऱ्याचा स्टँड मिटायला घेतला आणि सहज तिकडं पाहिलं. डोकं खांबाला टेकलेलं, नजर सुपात. डुगडुग थांबली होती.

"माय, असंच बसा. वेचत ऱ्हा."

माधवराव चिडले. "काहून? आमच्या मायचा फोटो अन् मजुरणीवानी जमिनीवर?"

"खुर्चीचा पाहिजे असंल तर खुर्चीचा काढतो. मायचा पाहिजे तर इथंच."

माधवरावांनी खुर्ची बाजूला ओढली. मी कॅमेरा ओसरीत घेतला, फोकस बराबर केला.

"माय, इकडं बघा."

त्यांनी फक्त डोळे उचलले. मी टोपी काढली. एक, दोन, तीन, चार.

आठ दिवसांनी प्रिंट घेऊन गेलो. चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती स्वच्छ आली होती. बोटं मात्र जराशी पुसट.

"हात हलले, करीमभाई," माधवराव म्हणाले.

गंगाबाईंनी फोटो डोळ्याजवळ धरला. "हलतीलच की. काम करून राहिले व्हते."

फोटो बैठकीत लागला. आल्या-गेल्याला माधवराव स्वतः उठून दाखवायचे. नंतर मी पुष्कळ फोटो काढले, साहेबलोकांचेही. पण माझं काम म्हणून एकच दाखवा म्हणालात, तर मी गोरेगावला नेईन.

तेव्हापासून गिऱ्हाइकाला मी आधी खुर्ची देत नाही. तुम्ही घरी कुठं बसता, ते विचारतो.